शटलचा हात आणि तीन फुटांचं नेट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ४८ वर्षांच्या आहात, गोव्यात पर्वरीला राहता, कॉलेजात शटल, म्हणजे बॅडमिंटन, चांगलं खेळायचात. दोन महिन्यांपूर्वी कॉलनीतल्या बॅडमिंटन कोर्टावर शेजाऱ्यांनी पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटीने भोकांचा प्लास्टिकचा बॉल नेटपलीकडे मारायचा खेळ, सुरू केलं आणि तुम्ही हौसेने उतरलात. हात लगेच बसेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. ज्यांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती त्या शेजारच्या वहिनी तुमच्या पुढे गेल्या आणि तुमचा जोरकस फटका एक तर नेटमध्ये जातोय, नाही तर बाहेर. आता तुम्ही विचारताय की दहा हजारांची कार्बनची पॅडल घ्यावी का, कोच लावावा का, आणि उजवा गुडघा अधूनमधून दुखतो तर शिकायला उशीर तर नाही ना झाला.

मी फोंड्याला शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते, २२ वर्षं मुलांना शटल शिकवलं आणि गेली ४ वर्षं मोठ्या माणसांना पिकलबॉल शिकवते आहे. त्यामुळे तुमची तक्रार मला अगदी ओळखीची आहे. गोव्यात पिकलबॉलकडे येणारी निम्मी माणसं तरी शटल खेळून आलेली असतात आणि ती सगळी पहिले दोन-तीन महिने नेमकी इथेच अडकतात. दोष पॅडलचा नाही, वयाचा तर नाहीच. तुमचा हात पाच फुटांच्या नेटचा आहे आणि तुम्ही तीन फुटांच्या नेटवर खेळताय.

हा खेळ जन्मलाच बॅडमिंटनच्या कोर्टावर. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी कंटाळलेल्या घरच्या मंडळींसाठी जुन्या बॅडमिंटन कोर्टावर टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा बॉल घेऊन काहीतरी खेळायला सुरुवात केली. बार्नी मॅककॅलम नंतर त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीला नेट बॅडमिंटनच्याच उंचीवर, ६० इंचांवर होतं. बॉल डांबरी जमिनीवर छान उसळतो हे लक्षात आल्यावर त्यांनी नेट ३६ इंचांवर आणलं. आज ते कडेला ३६ आणि मध्यभागी ३४ इंच असतं. कोर्ट मात्र तेच राहिलं, २० बाय ४४ फूट, शटलच्या डबल्सचं. जागा तीच दिसते म्हणून आपला हात जुनंच काम करायला जातो.

शटलमध्ये फूल जमिनीला लागलं की गुण गेला. त्यामुळे आपलं सगळं शिक्षण 'पडू द्यायचं नाही' या एका गोष्टीवर उभं असतं. इथे बॉलला एक टप्पा पडू देता येतो, बऱ्याचदा द्यावाच लागतो. आता हा बॉल किती उसळतो ते पाहा. साडेसहा फुटांवरून ग्रॅनाइटवर सोडला तर तो ३० ते ३४ इंच उसळावा असं त्याचं माप ठरलेलं आहे. म्हणजे एवढ्या उंचीवरून पडूनही तो जेमतेम नेटच्या मधल्या उंचीपर्यंत येतो. खेळताना टप्पा पडलेला बॉल बहुतेक वेळा नेटच्या खालीच तुमच्या हातात येतो. नेटखालच्या बॉलवर जोर काढायचा तर तो आधी वर उचलावा लागणार. कमी उचलला तर नेट, जास्त उचलला तर बाहेर. तुम्ही जे दोन शेवट सांगितलेत ते इथून येतात. शेजारच्या वहिनींना विसरण्यासारखं काही नव्हतं. त्या बॉलला टप्पा पडू देतात, हळूच पलीकडे ढकलतात आणि तुम्ही चूक करायची वाट बघतात.

म्हणून माझ्याकडे शटलवाला माणूस आला की मी त्याला कोर्टाच्या मागच्या रेषेवर उभंच करत नाही. नेटपासून ७ फुटांवर जी रेषा असते, जिच्या आतल्या पट्ट्याला सगळे 'किचन' म्हणतात, त्या रेषेच्या एक वीत मागे उभं करते. समोर मी तशीच. दोघींच्या मध्ये साधारण १४ फूट. आणि मग तीन आठवडे एकच काम. बॉल माझ्या किचनमध्ये अलगद टाकायचा, मी तुमच्या किचनमध्ये टाकणार. या फटक्याला डिंक म्हणतात. आपल्या लाडवातल्या डिंकाशी त्याचा काही संबंध नाही, पण बॉल पॅडलला क्षणभर चिकटून मग सुटल्यासारखा वाटला पाहिजे, म्हणून शिकणाऱ्यांच्या तो शब्द पटकन लक्षात राहतो.

डिंक मनगटाने मारायचा नाही. शटलची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते, पॅडल २१० ते २३५ ग्रॅमची. ज्या झटक्याने तुम्ही शटलला ड्रॉप द्यायचात तोच झटका अडीचपट वजनाने दिला की बॉल कुठेही जातो आणि दोन महिन्यांत कोपर धरतं. कोणाशी हस्तांदोलन करतो तशी पॅडल धरा. पूर्ण ताकदीने आवळणं म्हणजे दहा धरलं, तर तुमची पकड तीन-चारच्या वर जाता कामा नये. दळणाचा डबा उचलायचा असल्यासारखे गुडघे थोडे वाकवा, बॉल शरीराच्या पुढे घ्या, मनगट स्थिर ठेवा आणि हात खांद्यातून, तळापासून वर, एखाद्याला दुरून केळं टाकावं तसा हलवा. पॅडल मागे नेऊच नका. बहुतेकांची चूक मागे नेण्यातच होते, कारण मागे गेलेला हात पुढे जोरानेच येतो. बॉल सर्वांत उंच असायला हवा तो नेटच्या अलीकडे, तुमच्या बाजूला, म्हणजे पलीकडे तो उतरता जाईल आणि समोरच्याला खालून उचलावा लागेल. हे जमलं की समोरच्यालाही जोराने मारता येत नाही. खेळाचं मर्म माझ्या मते एवढंच आहे. नेटच्या वर बॉल आला की मारा, खाली असेल तर ठेवा. तुमचा शटलचा स्मॅश वाया जाणार नाही. तो येणार आहे, पण त्याची पाळी आल्यावर.

किचनच्या नियमाबद्दलही तुमच्या लिहिण्यावरून गैरसमज दिसतो. 'आत पाय ठेवायचाच नाही' असा नियम नाही. आत उभं राहून, किंवा रेषेला पाय लागलेला असताना, टप्पा न पडू देता हवेतला बॉल मारायचा नाही, एवढाच नियम आहे. मारल्यावर तोल जाऊन आत गेलात तरीही फाऊल. टप्पा पडलेल्या बॉलसाठी मात्र केव्हाही आत जा, तो मारा आणि पुन्हा रेषेमागे या. तुम्ही आत जायला घाबरता म्हणून लांबून हात ताणता, आणि ताणलेल्या हाताचा बॉल नेटमध्येच जाणार.

आता दुसरी मोठी सवय, ती उभं राहण्याची. शटलच्या डबल्समध्ये हल्ला करताना एक पुढे, एक मागे असे आपण आपोआप उभे राहतो. इथे तसं राहिलात तर मधली तिरकी जागा समोरच्याला आंदण दिलीत असं समजा. पिकलबॉलमध्ये दोघे शेजारी-शेजारी चालतात, पुढे तर दोघे पुढे, मागे तर दोघे मागे. मी नवशिक्यांच्या कमरेला ओढणी बांधून दाखवते, एकीकडून दुसरीकडे. ओढणी ताणली की समजायचं जोडी फुटली.

पुढे कधी यायचं हे दोन टप्प्यांच्या नियमावर अवलंबून आहे. सर्व्हिस आली की टप्पा पडू द्यावा लागतो, आणि तुम्ही परतवलेला बॉल सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाही टप्पा पडूनच घ्यावा लागतो. त्यानंतर हवेतून मारायची मुभा. त्यामुळे सर्व्हिस करणारी बाजू मागे अडकते आणि परतवणाऱ्यांना पुढे येऊन रेषा धरायला मोकळीक मिळते. म्हणून सर्व्हिस परतवताना फटका उंच आणि खोल, मागच्या रेषेजवळ टाका आणि त्याच्या मागोमाग चालत पुढे या. उंच टाकलात तर तुम्हाला पुढे यायला वेळ मिळतो. तुमची सर्व्हिस असेल तेव्हा तिसरा फटका तुमचा. तो किचनमध्ये अलगद पाडायचा असतो आणि तोच सगळ्यांत अवघड. पहिल्या तीन महिन्यांत तो दहापैकी चार वेळा जमला तरी मी खूश असते. एका दमात रेषेपर्यंत धावू नका. दोन पावलं या, समोरचा मारायच्या क्षणी थांबा, मग पुढची दोन.

शटलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. जोरात, खांद्याच्या वरून येणारा बॉल सोडून द्या. तो बहुतेक वेळा बाहेरच चाललेला असतो. 'पडू द्यायचं नाही'च्या सवयीने तुम्ही समोरच्याचे चुकलेले फटके वाचवून देताय.

सर्व्हिस आणि गुण यांचा बाऊ करू नका. सर्व्हिस कमरेखालून, हात वर जाताना, तिरकी समोरच्या चौकोनात. किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर पडली तर चूक. बॉल हातातून नुसता सोडून, टप्पा पडल्यावर मारलात तरी चालतं, आणि सुरुवातीला मी तेच शिकवते. नेटला लागून योग्य जागी पडलेली सर्व्हिस २०२१ पासून चालू धरतात, ती पुन्हा घेत नाहीत. डबल्समध्ये तीन आकडे म्हणायचे. पहिला आपला, दुसरा त्यांचा, तिसरा सर्व्हिस करणारा त्या बाजूचा पहिला की दुसरा. सर्व्हिस असलेल्या बाजूलाच गुण मिळतो, ११ ला गेम आणि दोनाचा फरक हवा. खेळाची सुरुवात 'झिरो-झिरो-टू' अशी होते, कारण पहिल्यांदा सर्व्हिस करणाऱ्या बाजूला एकाच खेळाडूची संधी असते, म्हणून त्याला 'दुसरा' धरतात. काही स्पर्धांत प्रत्येक रॅलीला गुण देतात, तिथे आधी विचारून घ्या.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, तीन आठवडे डिंक, सोबत दोघींनी शेजारी-शेजारी चालायचं, सर्व्हिसचं परतवणं खोल, आणि नेटखालच्या बॉलवर जोर नाही. नवीन काही शिकायच्या आधी हे.

तुम्ही बॅडमिंटनच्या कोर्टावर खेळता म्हणून एक गोष्ट आजच तपासा. शटलची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते, किचनची ७ फुटांवर. कॉलनीत तीच जुनी रेषा किचन म्हणून वापरत असाल तर सहा इंचांनी जवळ उभं राहायची सवय लागेल आणि खऱ्या कोर्टावर गेलात की दर तिसऱ्या बॉलला फाऊल होईल. रंगाऱ्यांची कागदी टेप आणा आणि सहा इंच मागे लावा. नेटही मोजा. शटलचंच नेट सैल सोडून कामचलाऊ खेळतात तेव्हा ते मध्ये अडीच फुटांवर लोंबतं, आणि मग हातावर बसलेलं माप चुकतं. बाजूची बाहेरची रेषाच धरायची, एकेरीतही, आणि सर्व्हिस मागच्या रेषेपर्यंत ग्राह्य.

आता गुडघा. इथे मी लांबून ठाम सांगू शकत नाही. खेळल्यावर दुखतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा होतो, तर बहुधा मांडी आणि पोटरीची ताकद कमी पडतेय. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि टाचा उचलणं सुरू करा. पण सूज येते, पायरी उतरताना गुडघा दगा देतो किंवा अडकतो, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पिकलबॉल महिनाभराने करा. वय हा प्रश्न नाही. माझ्याकडे साठी उलटलेल्या तिघी आहेत, त्यातल्या एकींनी आयुष्यात पहिल्यांदा साडीऐवजी ट्रॅकपँट घातली ती या कोर्टावर. त्यांचा डिंक आज तिशीतल्या मुलांना झोपू देत नाही.

मला खरी भीती वाटते ती पडण्याची. दुसऱ्या वर्षी माझ्याच वर्गातल्या पन्नाशीच्या एक बाई डोक्यावरून गेलेल्या बॉलसाठी उलट्या पावलांनी मागे धावल्या, मागच्या मागे आपटल्या आणि मनगट मोडलं. उलटं धावायचं नाही हे मी तोवर चौथ्या-पाचव्या आठवड्यात शिकवत असे. त्या दिवसापासून ते पहिल्या दिवशी, पॅडल हातात द्यायच्या आधी शिकवते. डोक्यावरून बॉल गेला की आधी अंग वळवा, बॉलकडे खांदा करा आणि मग पुढच्या दिशेने धावतो तसं मागे जा. पोचणार नसाल तर गुण द्या. मैदानात दुसऱ्या कोर्टाचा बॉल घरंगळत आला की मोठ्याने 'बॉल' ओरडून खेळ थांबवा. चष्मा नसेल तर खेळाडूंचा साधा पारदर्शक गॉगल घाला, कारण १४ फुटांवरून डोळ्याकडे आलेला बॉल चुकवायला वेळ नसतो.

पैशांचं सांगते. पॅडल आत्ता बदलू नका. कार्बनचा पृष्ठभाग बॉलला फिरकी द्यायला चांगला, पण तुम्हाला अजून फिरकी द्यायची नाहीये. सध्याची पॅडल लाकडी असेल तर मात्र बदला, ती जड असते आणि कोपराला हादरे देते. दोन-तीन हजारांत फायबरग्लासची, मध्ये प्लास्टिकच्या मधाच्या पोळ्यासारखा गाभा असलेली मिळते. १६ मिलिमीटर जाडीची घ्या, जाड पॅडल बॉल शांत ठेवते. उरलेले पैसे बुटांवर घाला. धावायचे बूट पुढे पळण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडवं सरकताना घोटा मुरगळतो. हॉलमध्ये शटलचे गम सोलचे बूट उत्तम, बाहेरच्या सिमेंटवर टेनिसचे. कोच रोज नको. पहिल्या महिन्यात चार तास आणि पुढे महिन्याला एक, कोणीतरी बाहेरून बघून तुमचा मागे जाणारा हात पकडावा एवढ्यासाठी. मात्र पहिल्याच तासाला स्मॅश शिकवायला निघालेला कोच असेल तर दुसरा शोधा.

आपल्या हवेचंही गणित आहे. पर्वरी पठारावर, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की २५ ग्रॅमचा भोकांचा बॉल कुठच्या कुठे जातो आणि नवशिक्याला वाटतं आपणच चुकलो. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ घ्या, वारा पडलेला असतो. बाहेर ४० छिद्रांचा कडक बॉल, हॉलमध्ये २६ मोठ्या छिद्रांचा मऊ. बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने प्लास्टिक मऊ पडून त्याचा गोलपणा जातो. कोर्टावर जांभ्याची लाल धूळ साचली असेल तर खेळायच्या आधी झाडून घ्या, तिच्यावर पाय खड्यांवरून घसरावा तसा घसरतो. एप्रिल-मेमध्ये नुसतं पाणी पुरत नाही, घाम फार जातो. पाण्याच्या बाटलीत चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घाला, त्यात मीठ असतंच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आगळाचंही डॉक्टरांना विचारा.

जून लागला की बाहेरच्या कोर्टावर शेवाळ धरतं, तिथे सप्टेंबरपर्यंत पाऊल टाकू नका, कितीही कोरडं दिसलं तरी. हॉल मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी सराव थांबवायचं कारण नाही. गाडी लावायच्या पोर्चमधली गिलावा केलेली सपाट भिंत बघा. चिऱ्याची उघडी नको, बॉल वेडावाकडा परततो. जमिनीपासून ३४ इंचांवर खडूने आडवी रेघ मारा आणि ७ फूट मागे उभ्या राहा. बॉल रेघेच्या वीतभर वर लागला पाहिजे, परत येताना एक टप्पा पडू द्यायचा आणि पुन्हा अलगद. मनगट हललं की मोजणी शून्यापासून. पहिल्या आठवड्यात सात-आठच्या पुढे जाणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. सलग तीस झाले की मला इथेच लिहून सांगा, मग तिसऱ्या फटक्याचं बघू.